प्रमाणपत्र आहे, पाच वर्षे कुठून आणायची?

जयपूरहून टोंकच्या रस्त्याने दक्षिणेस चाळीसएक किलोमीटरवर चाकसू लागते. शीतला मातेच्या जत्रेसाठी ओळखल्या जाणाऱ्या या तालुक्याच्या गावात संगणकाचे प्रमाणपत्र म्हणजे ‘आरएस-सीआयटी’. महाराष्ट्रातील ‘एमएस-सीआयटी’चे हे राजस्थानी भावंड. परीक्षा कोट्याचे वर्धमान महावीर मुक्त विद्यापीठ घेते आणि लिपिकपदाच्या अर्जातला एक रकाना त्याने भरतो. या कागदाचे मोल सरकारी नियमानेच ठरलेले असल्याने त्याविषयी वाद होत नाही.

संगणक सुरक्षेच्या प्रमाणपत्रांचे तसे नाही. ‘सर्टिफाइड एथिकल हॅकर’ची मूळ परीक्षा चार तासांत 125 वस्तुनिष्ठ प्रश्नांची, ‘ओएससीपी’त मात्र उमेदवाराला जवळपास 24 तास यंत्रणा प्रत्यक्ष भेदून दाखवावी लागते आणि नंतर अहवालही लिहावा लागतो. ‘सीआयएसएसपी’चे शुल्क 749 डॉलर, म्हणजे 60 हजार रुपयांहून अधिक, शिवाय पाच वर्षांच्या अनुभवाची अट. पदवी असल्यास त्यात एका वर्षाची सूट मिळते, एवढेच. या साऱ्यांना आपण ‘प्रमाणपत्र’ हा एकच शब्द वापरतो. शेत किंवा दुकान यांच्या उत्पन्नातून शुल्क भरणाऱ्या पालकाला हा फरक कोण समजावून सांगणार?

तरीही ही प्रमाणपत्रे निरर्थक आहेत, हा अनुभवी तंत्रज्ञांचा लाडका शेरा मला मान्य नाही. ज्याची ओळखपाळख नाही, महाविद्यालय नामांकित नाही, त्याच्या हाती दार ठोठावण्यासाठी दुसरे काय असते? शासनयंत्रणाही कागदाची भाषा समजते. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने 2005 पासून माहिती-सुरक्षेच्या पदांसाठी ठराविक प्रमाणपत्रे सक्तीची केली आणि या परीक्षांना बाजारात वजन आले. आपल्याकडेही लेखापरीक्षणाच्या निविदांत प्रमाणित मनुष्यबळाची मोजदाद होतेच.

पण गरज कुठे आहे ते पाहा. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून दोन दिवसांच्या हल्ल्यात सुमारे 94 कोटी रुपये गेले. बनावट कार्डांनी 28 देशांतील एटीएममधून पैसे काढले गेले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट आणली. पुढे ‘सर्ट-इन’च्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनी सायबर घटनेची खबर सहा तासांत देणे बंधनकारक केले आणि त्यातून सरकारी संस्थाही सुटल्या नाहीत. सहा तासांत खबर द्यायची, तर आधी काहीतरी घडले आहे हे ओळखणारा माणूस जागेवर हवा. नगरपालिकेत वा छोट्या बँकेत तो नेमायचा कोणी, याचे उत्तर नियमात सापडत नाही.

म्हणून केवळ परीक्षाशुल्काला अनुदान देऊन भागणार नाही. ते उत्तीर्णांनाच, आणि प्रात्यक्षिक परीक्षांनाच द्यावे, हे ओघाने आले. त्याहून निकडीची आहेत ती वेतनासह उमेदवारीची पदे: सहकारी बँका, पालिका आणि जिल्हा रुग्णालये यांत, अनुभवी अधिकाऱ्याच्या हाताखाली. अनुभवाविना ‘सीआयएसएसपी’ उत्तीर्ण होणाऱ्यास ‘असोसिएट’ म्हणून नोंदवतात आणि अनुभव मिळवण्यासाठी सहा वर्षांची मुदत देतात. चाकसूतल्या मुलीने ही परीक्षा दिली, तर निकालाच्या दिवसापासूनच तिची ही मुदत सरू लागेल.