पंधराशे नव्वद परार्ध आणि हवामानाचा अंदाज

१५,८९,६२,५५,५२,१७,८२,६३,६०,०००. हा आकडा वाचायचा कसा, इथूनच अडचण सुरू होते. लाख-कोटी केव्हाच मागे पडतात. एकं, दहं, शतं म्हणत अब्ज, खर्व, निखर्व ओलांडून ज्यांनी कधी परार्धापर्यंत मजल मारली असेल त्यांच्यासाठी: सुमारे १,५९० परार्ध. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. दुसऱ्या महायुद्धात जर्मन लष्कराचं एनिग्मा हे संदेश कूट करणारं यंत्र इतक्या निरनिराळ्या तऱ्हांनी जुळवता येत असे. आणि ती जुळणी रोज बदलायची.

नोकरीपायी मिल्टन कीन्सला बिऱ्हाड हलवलं, त्याला फार दिवस झालेले नाहीत. शहराच्या दक्षिण टोकाला ब्लेचली, आणि स्टेशनातून बाहेर पडून थोडं चाललं की ब्लेचली पार्क. एकदा काढलेलं तिकीट वर्षभर चालतं, हे कळल्यावर घाई करण्यात अर्थच नव्हता. एक ओबडधोबड हवेली, तळं, लाकडी बराकी. डोळे दिपावेत असं खरं तर काही नाही. १९३८ साली ब्रिटिश गुप्तहेर खात्याने ही जागा घेतली आणि १९४५च्या सुरुवातीला इथे जवळजवळ ९,००० माणसं राबत होती. त्यांतल्या चारांपैकी तीन बायका.

या ९,००० जणांनी न झोपता, दर सेकंदाला प्रत्येकी एक जुळणी तपासली असती, तर सगळ्या संपायला ५६ कोटी वर्षं लागली असती. एकट्याने करायचं म्हटलं तर पाच लाख कोटी वर्षं, म्हणजे विश्वाच्या आजवरच्या वयाच्या ३६५ पट. शिवाय मध्यरात्र उलटली की पाटी कोरी.

पण हा आकडा फोडून पाहिला की त्याचा दरारा ओसरतो. यंत्रात पाच चक्रांपैकी तीन बसवायची. त्याचे प्रकार ६०. प्रत्येक चक्र २६ जागी उभं राहू शकतं, म्हणजे १७,५७६ स्थिती. दोन्हींचा गुणाकार फक्त १०,५४,५६०. बाकीचा सगळा डोंगर पुढच्या प्लगबोर्डचा. दहा तारांनी वीस अक्षरांची आपसांत अदलाबदल करायची, आणि ती दीड कोटी कोटी प्रकारे करता येते.

दहा लाख चोपन्न हजार! म्हणजे बँकेच्या सहा आकडी ओटीपीपेक्षा जरासंच जास्त. परदेशात नव्याने आलेल्या माणसाचा निम्मा दिवस असल्या ओटीपींतच जातो, त्यामुळे मला हा हिशेब लगेच पटला. फरक इतकाच, की काही चुका झाल्या की बँक खातं गोठवते. एनिग्माला ती सोय नव्हती. हवेतून पकडलेला संदेश एकदा कागदावर उतरला की वाटेल तितकं चुकायची मुभा. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, अंकपाशाच्या प्रकरणात, शंकराच्या दहा हातांत दहा आयुधं किती प्रकारे देता येतील असं गणित आहे. उत्तर ३६,२८,८००. ११५० सालच्या पुस्तकातला हा आकडा एनिग्माच्या चक्रांपेक्षा तिप्पट मोठा!

तेव्हा खरा प्रश्न, प्लगबोर्ड टाळायचा कसा? चक्रांच्या अंतर्गत तारा पोलंडच्या मारियान रेयेव्स्कीने १९३२च्या अखेरीस निव्वळ गणिताने शोधल्या होत्या. जुलै १९३९मध्ये पोलिश मंडळींनी आपलं सगळं काम ब्रिटिशांच्या हवाली केलं. त्यांचं ऋण ब्लेचलीच्या गोष्टीत फार घाईने उरकलं जातं, असं माझं मत. पुढचा डाव ॲलन ट्युरिंगचा. संदेशात अमुक शब्द असणारच, असा अंदाज बांधायचा. जर्मन शिस्तीचे, ‘हवामानाचा अंदाज’ हे शब्द ते हटकून लिहीत. त्या जर्मन शब्दात १६ अक्षरं. एनिग्मात कोणतंही अक्षर कधीच स्वतःच्याच रूपात उमटत नसे, त्यामुळे तो शब्द संदेशाखाली सरकवत नेला की जवळजवळ निम्म्या जागा नुसत्या नजरेने बाद. उरलेल्यांतली एक खरी मानून ‘बॉम्ब’ नावाचं टनभर वजनाचं यंत्र चालवायचं. प्लगबोर्डवर एका अक्षराची जोडी कोणाशी, एवढंच ते गृहीत धरी; शक्यता २६. गृहीतक चूक असेल तर वीज तारांमधून फिरून विसंगती दाखवून देई. ब्लेचलीतल्याच गॉर्डन वेल्चमनने त्यात केलेल्या सुधारणेने हे फार जलद झालं. दीड कोटी कोटींच्या जागी २६! चक्रांच्या एका क्रमाच्या १७,५७६ स्थिती साधारण वीस मिनिटांत तपासून होत. युद्ध संपेपर्यंत अशी दोनशेहून अधिक यंत्रं झाली, आणि ती चालवणाऱ्या बहुतेक नौदलाच्या तरुण मुली.

पाणबुड्यांनी मात्र छळलं. फेब्रुवारी १९४२मध्ये अटलांटिकमधल्या यू-बोटींच्या एनिग्मात चौथं चक्र आलं. शक्यता एकदम २६ पट झाल्या आणि ब्लेचली दहा महिने जवळपास आंधळी झाली. ३० ऑक्टोबरला पूर्व भूमध्य समुद्रात यू-५५९ ही पाणबुडी ब्रिटिश नौकांनी वर यायला भाग पाडली. त्या नौकांवरचे अँथनी फॅसन आणि कॉलिन ग्रेझिअर पोहत जाऊन तिच्यात शिरले. त्यांनी आतून दिलेली पुस्तकं कँटीनमध्ये काम करणारा सोळा वर्षांचा टॉमी ब्राउन वर पोहोचवत होता. पाणबुडी अचानक बुडाली. ब्राउन वाचला, ते दोघे तिच्याबरोबर गेले.

त्या पुस्तकांत हवामानाचे संदेश थोडक्यात कळवायची संकेतावली होती. तिच्या आधाराने १३ डिसेंबर १९४२ला कोंडी फुटली, आणि तेव्हा ब्लेचलीला दिसलं की हवामान कळवताना यू-बोटी ते नवं चौथं चक्र शून्यावरच ठेवत होत्या. कारण किनाऱ्यावरच्या हवामान केंद्रांकडे अजून तीनच चक्रांची जुनी यंत्रं होती.