गोधडीचे कांठ

आपल्याकडील गोधडी बहुधा एकाच घरांत पुरी होते. अमेरिकेंतील गोधडी शिवणाऱ्या मंडळांत मात्र ‘राउंड रॉबिन’ नांवाची एक सहकारी रीत आहे. प्रत्येक सभासद मधला चौक शिवून दुसऱ्याच्या स्वाधीन करतो. दुसरा त्यास सभोंवार कांठ लावून तिसऱ्याकडे देतो. असे कांठ चढत जाऊन काम अखेर मूळ धन्याकडे परत येतें.

विद्यार्थ्यांनो, यांतील गणित पाहा. १२ इंची चौकास ३ इंची कांठ चोहोंकडून लाविला म्हणजे बाजू १८ इंच होते. दुसऱ्या कांठानें २४, तिसऱ्यानें ३०. शिवणींत जाणारें पाव इंच कापड प्रत्येक कडेस निराळें धरावें.

परंतु खरी मेख मापांत आहे. कापडाची कड हाताळतांना ताणली जाते. तिच्यावरून पट्टी मोजली, तर ती लांब होते व कांठ लाटेसारखा फुगतो. पुढचे कांठही मग सपाट बसत नाहींत. यास्तव माप चौकाच्या मधोमध घ्यावें, आणि कड त्या मापांत टांचण्यांनीं बसवून मग शिवावी.

आपला कांठ कितीही सुंदर असो. मोजल्यावांचून जोडला, तर त्याचा त्रास पुढच्यास होतो.