मागे राहिलेल्या मालाचा हिशेब

स्मरणिकेच्या संपादक-मंडळाने आम्हांस यंदा ‘व्यापार व व्यवहार’ या सदराखाली चार शब्द लिहिण्याची आज्ञा केली. आमचा जन्म धान्याच्या पोत्यांत गेला. विद्वत्तेचा विषय आम्हांस झेपणारा नव्हे. परंतु आमच्या गादीवर मध्यंतरी एक आकडा निघाला व त्यावर आठ दिवस वाद झाला. तो वाद मालाच्या किमतीचाच असल्यामुळे आमच्या अधिकारात येतो, असे मानून हे लिहीत आहोत.

झाले असे की, करोंद मंडीतील लिलाव आटोपून मंडळी चहास बसली असता आमच्या पुतण्याने दूरध्वनीवर आलेला मजकूर वाचून दाखविला. अमेरिकेचे सैन्य ऑगस्ट 2021 मध्ये अफगाणिस्तानातून निघाले, तेव्हा 8,500 कोटी डॉलरांची शस्त्रसामग्री मागे टाकून गेले, असा तो मजकूर होता. सर्वांनी तोंडात बोट घातले. पुतण्या म्हणाला, “काका, एवढा माल कोणी टाकून जातो का?” प्रश्न योग्य होता. आम्ही त्यास सांगितले, “आधी हा आकडा कोणत्या वहीतला आहे, ते पाहा.”

पाहता असे दिसले की, 2001 पासून अफगाण सेना व पोलीस उभे करण्यासाठी अमेरिकेने मंजूर केलेली एकूण रक्कम सुमारे 8,300 कोटी डॉलर होती. तीतच शिपायांचे पगार, शिक्षण, इंधन, बांधकाम व दुरुस्ती हे सर्व आले. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने 2022 मध्ये आपल्या संसदेस दिलेल्या अहवालाप्रमाणे, 2005 पासून अफगाण सरकारास दिलेली सामग्री 1,860 कोटी डॉलरांची होती आणि त्यांपैकी शेवटी देशात उरलेली 712 कोटींची. म्हणजे बाजारात फिरणारा आकडा उरलेल्या मालाच्या जवळजवळ बारा पट होता. शिवाय हा माल अफगाण सरकारच्या हवाली झालेला होता. अमेरिकन सैन्याने स्वतःच्या वापरातील सामग्री बहुतेक परत नेली अथवा मोडून टाकली. काबूलच्या विमानतळावर जी 78 विमाने राहिली, त्यांची किंमत 92 कोटी डॉलरांवर सांगितली गेली, परंतु निघण्यापूर्वी ती निकामी करण्यात आली होती. 712 कोटी हीदेखील काही लहान रक्कम नव्हे. दोष लपविण्याचा येथे हेतू नाही. दोष मापून सांगावा एवढेच म्हणणे आहे.

ही चूक दुसऱ्याची म्हणून हसण्याचा अधिकार आम्हांस नाही. ती आम्ही स्वतः केली आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या चुलत बंधूंनी भागीदारी सोडली, तेव्हा गोदामात हरभऱ्याची काही पोती उरली होती व त्यास भुंगा लागला होता. रागाच्या भरात आम्ही साऱ्या बाजारात सांगत फिरलो की, एवढी एवढी रक्कम ते बुडवून गेले. ती रक्कम आम्ही खरेदीखात्यावरून उचलली होती. तीत हमाली, तोलाई, गाडीभाडे, आडत, गुमास्त्याचा पगार, सर्व काही होते, आणि मधल्या काळात विकून गेलेला मालही होता! अखेर पंच बसले. एका वृद्ध पंचांनी परखी घेऊन पोत्यापोत्यातून नमुना काढला, घट धरली, बारदान वजा केले आणि रक्कम काढली. ती आमच्या आकड्याच्या चौथाईसही पोहोचली नाही. ते म्हणाले, “भाऊ, खर्चाची वही वेगळी आणि कोठाराची वही वेगळी.” पैशाचा निकाल त्या दिवशी लागला, परंतु बंधू आमच्या उंबरठ्यावर पुढे अकरा वर्षे चढले नाहीत. आकडा मागे घेता येतो, बोललेला शब्द मागे घेता येत नाही.

त्या दिवसापासून उरलेल्या मालास आम्ही तीन प्रश्न विचारतो. माल कोणाच्या मालकीचा? आज कोणत्या स्थितीत आहे? आणि आहे तेथून उचलून नेण्यास काय पडेल? हे तीन प्रश्न रणभूमीवरही तितकेच लागू पडतात, आणि त्याचा दाखला आपल्या भोपाळच्या भूमीवरच घडलेला आहे.

1737 च्या अखेरीस निजामुल्मुल्क मोगल बादशहाच्या वतीने मोठी फौज व जबर तोफखाना घेऊन येथे उतरला आणि थोरल्या बाजीरावांनी त्यास भोपाळात कोंडले. रसद बंद झाली. बाजीरावांनी चिमाजीअप्पांस लिहिलेल्या पत्रांत निजामाच्या छावणीतील धान्याचा दर रुपयास शेर असा आला आहे. तोफा ओढणारे बैल मारून खाण्याची पाळी आली. आम्ही धान्याचे व्यापारी या दराचा अर्थ चांगला जाणतो. ज्या दिवशी शेरभर धान्यास रुपया पडतो आणि बैल उरत नाही, त्या दिवशी उत्तमातील उत्तम तोफही ओझेच होय. निजामाने जड सामानाचा काही भाग भोपाळ व इस्लामगड येथे ठेवला आणि दिवसास जेमतेम दीड-दोन कोस अशा चालीने माघार घेतली. 1738 च्या प्रारंभी दोराहा सराई येथे तह झाला. त्यात माळवा व नर्मदा-चंबळेमधील मुलुख देण्याचे आणि पेशव्यांच्या खर्चापोटी 50 लक्ष रुपये मिळवून देण्याचे कबूल झाले. हे 50 लक्ष मोहिमेच्या खर्चाचे होते. भोपाळात ठेवलेल्या सामानाची ती किंमत नव्हे. दोन वह्या तेव्हाही वेगळ्याच होत्या.

दुसरा दाखला पुण्याजवळचा. जानेवारी 1779 मध्ये मुंबईकर इंग्रजांची फौज रघुनाथरावांस घेऊन तळेगावापर्यंत आली. पुढे रसद मिळेना, तेव्हा रात्री तिने माघार घेतली. जड तोफा तेथील तळ्यात लोटल्या, साठा जाळला आणि अखेर वडगाव येथे तह करावा लागला. तळ्याच्या तळाशी पडलेल्या तोफेची किंमत खरेदीच्या चिठ्ठीवरून कोणी लावील काय? काबूलची निकामी विमाने आणि तळेगावच्या तोफा यांत अडीचशे वर्षांचे अंतर आहे, नीती मात्र एकच.

भंगाराच्या भावाचाही एक नमुना सांगतो. अमेरिकेने अफगाण हवाई दलासाठी इटलीची जुनी 20 मालवाहू विमाने घेतली व त्या कार्यक्रमावर सुमारे 55 कोटी डॉलर खर्च केले. सुटे भाग मिळेनात, विमाने उभीच राहिली. 2014 मध्ये त्यांतील 16 मोडून भंगारात विकली, त्यांचे हाती आले सुमारे 40 हजार डॉलर. खरेदी आणि शिल्लक यांतील अंतर याहून स्पष्ट कोणी दाखवावे?

आता या हिशेबाची दुसरी बाजू. काही माल असा असतो की, त्याची किंमत शून्याच्याही खाली जाते. घेणाऱ्यासच वर पैसे मोजावे लागतात. रशियन सैन्य फेब्रुवारी 1989 मध्ये अफगाणिस्तान सोडून गेले. त्या युद्धात पेरलेले सुरुंग पुढे अनेक वर्षे माणसे शोधीत राहिली आणि त्यांत हातपाय गमावीत राहिली. त्या सुरुंगांची खरेदी-किंमत क्षुल्लक होती. भोपाळकरांस हे वेगळे समजावून सांगण्याचे कारण नाही. 1984 च्या डिसेंबरातील त्या काळरात्रीनंतर कारखाना बंद पडला, कंपनी गेली आणि विषारी कचरा आपल्या उशाशी राहिला. त्यांतील 337 टन कचरा जानेवारी 2025 मध्ये पिथमपूरला हलविला व जून अखेरपर्यंत जाळला. त्यासाठी सरकारी तिजोरीतून 126 कोटी रुपये मंजूर करावे लागले. कोणत्या पक्क्या वहीत हा माल ‘शिल्लक’ म्हणून लिहावा? आणि गेलेल्या जिवांचे खाते तर कोणत्याही वहीत मांडता येत नाही.

आपल्या आचार्यांनी सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया, म्हणजे खोटे लिहिणे, गणले आहे आणि अचौर्याच्या अतिचारांत कमी-अधिक मापाचा व्यवहार. खोटे माप केवळ तागडीतच असते असे नाही; ऐकीव आकडा पडताळल्यावाचून पुढे धाडणे हेही, आमच्या अल्पमतीप्रमाणे, त्याच जातीचे पाप आहे. शस्त्रांचा व्यापार आपला नव्हे आणि नसावा. परंतु आकड्यांचा व्यवहार आपला आहे.

म्हणून तरुण बंधू-भगिनींस नम्र विनंती की, येत्या दीपावलीस वहीपूजन करण्यापूर्वी एकदा स्वतः गोदामात जावे, पोत्यात परखी घालून पाहावे आणि जे हाती येईल तेच लिहावे. कोणी भागीदार निघून गेला असेल, तर त्याच्याविषयीही तेवढेच बोलावे. आमचे बंधू अकरा वर्षांनी एका पर्युषणानंतर क्षमापनेच्या दिवशी आपण होऊन आमच्या घरी आले. क्षमा आम्ही मागावयाची होती. ती आम्ही त्या दिवशी मागितली, आणि आज या पानावर पुन्हा मागतो.

जय जिनेन्द्र.