पाणस्कूटर : साधी की सुपरचार्जरची?

गड नदी मसुऱ्यापाशी पोचेपर्यंत तिची खाडी झालेली असते. एका तीरावर भरतगड, पलीकडे भगवंतगड आणि मधून भरती-ओहोटीचे पाणी. पुढे तळाशीलजवळ ती समुद्राला मिळते. मे महिन्यात आम्ही गावी गेलो होतो, तेव्हा आमचा भाचा आणि त्याचे दोन मित्र माहितीपत्रके घेऊन आले. तारकर्ली-देवबागच्या किनाऱ्यावर पर्यटकांना पाण्यावर फिरवण्याचा व्यवसाय चालतो, तसा आपणही कर्ज काढून सुरू करावा असा त्यांचा बेत होता. एक पाणस्कूटर साध्या इंजिनाची होती, दुसरी सुपरचार्जर बसवलेली आणि बरीच महाग. "मामानू, खयची घेवया?" एवढाच प्रश्न होता. त्याचे उत्तर मात्र नववी-दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातच सापडते. म्हणून ते इथे मांडत आहोत.

आधी हे यंत्र चालते कसे ते पाहू. आपण ज्याला सर्रास जेट-स्की म्हणतो, ते खरे तर कावासाकी कंपनीचे व्यापारी नाव आहे. या वाहनाला होडीसारखा बाहेर फिरणारा पंखा नसतो. पंखा पोटातल्या नळीत असतो. तो तळाच्या जाळीतून पाणी ओढतो आणि मागच्या तोटीतून जोराने बाहेर फेकतो. पाणी मागे जाते, वाहन पुढे जाते. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाचे याहून चांगले उदाहरण शोधून सापडायचे नाही. सुकाणूही नसते. हँडल वळवले की तोटी वळते आणि पाण्याच्या झोताची दिशा बदलते. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम आहे.

आता सुपरचार्जर. इंजिनाची शक्ती पेट्रोलातून येते, पण पेट्रोल जळायला हवा लागते. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ ग्रॅम हवा हवी. १६३० घन सेंटिमीटरच्या इंजिनात सगळे सिलिंडर एकेकदा भरले तर जेमतेम १.९ ग्रॅम हवा मावते. म्हणजे तेवढ्या हवेत ०.१३ ग्रॅम पेट्रोलच जळू शकते. अधिक शक्ती हवी तर इंजिन मोठे करावे, नाही तर त्याच जागेत हवा कोंबून भरावी. सुपरचार्जर हे दुसरे काम करतो. इंजिनाच्याच शक्तीवर फिरणारा तो एक पंप आहे. गॉटलिब डाइमलर यांनी या कल्पनेचे पेटंट १८८५ साली घेतले होते. उंचावरच्या विरळ हवेत विमानांची इंजिने दमू नयेत म्हणून पुढे तिचा फार उपयोग झाला.

परिणाम डोळ्यांत भरणारा असतो. सी-डू या पाणस्कूटरीतील रोटॅक्सचे १६३० घन सेंटिमीटरचे इंजिन साध्या रूपात १७० अश्वशक्ती देते, तर सुपरचार्जरसह ३००. कावासाकीच्या १४९८ घन सेंटिमीटरच्या इंजिनांतही असाच फरक दिसतो : १६० आणि ३१०.

पण हवा कोंबली की ती तापते. सायकलचा पंप दहा-बारा वेळा जोराने मारावा आणि त्याच्या खालच्या टोकाला हात लावावा, हे विद्यार्थ्यांना लगेच पटते. ३० अंश सेल्सिअसची हवा झटकन दीडपट दाबापर्यंत नेली, तर ती किमान ६७ अंशांवर जाते. तापलेल्या हवेत पेट्रोल अवेळी पेटते आणि इंजिन ठोके देऊ लागते. हे टाळण्यासाठी हवा थंड करणारे आणखी एक यंत्र बसवतात आणि अधिक ऑक्टेनचे, म्हणजे महाग पेट्रोल वापरतात. खारे पाणी आणि वाळू यांच्याशी रोज गाठ असलेल्या वाहनात असा प्रत्येक जादा भाग म्हणजे देखभालीचा जादा खर्च असतो.

एवढे करून वेग किती वाढतो? "जोर दुप्पट तर वेग दुप्पट," असे आमच्या भाच्याचे गणित होते. वाहत्या पाण्यात हात धरून पाहावा. पाण्याचा वेग दुप्पट झाला की हाताला होणारा रोध साधारण चौपट होतो. रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि शक्ती म्हणजे रोध गुणिले वेग. म्हणजे लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ३०० भागिले १७० म्हणजे सुमारे १.७६, आणि त्याचे घनमूळ सुमारे १.२. साधी स्कूटर ताशी ९० किलोमीटर जात असेल, तर सुपरचार्जरची ताशी १०८ जाईल. शक्ती पाऊणपटीने वाढली, वेग मात्र पाचव्या हिश्शानेच. पाण्यावर घसरत जाणाऱ्या तळाला हा नियम तंतोतंत लागू पडत नाही, पण अंदाजापुरता तो पुरतो.

पेट्रोलचा हिशेब वर्गात करून घेण्यासारखा आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते. इंजिनाची कार्यक्षमता २५ टक्के धरली, तर ८ मेगाज्यूल कामी येते. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. यावरून पूर्ण जोरात चालवताना १७० अश्वशक्तीला तासाला सुमारे ५७ लिटर आणि ३०० अश्वशक्तीला सुमारे १०० लिटर पेट्रोल लागेल. ७० लिटरची टाकी पहिलीत सव्वा तास पुरेल, दुसरीत पाऊण तासही नाही. अर्थात खाडीतून ताशी ४० किलोमीटरने फिरवायचे तर दोन्हींना शक्ती जवळपास सारखीच लागते. मग जादाची अश्वशक्ती नुसती बसून राहते, तिच्या कर्जाचा हप्ता मात्र बसून राहत नाही.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा सुरक्षिततेचा. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर, १०८ म्हणजे ३० मीटर. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढत असल्याने ती ४४ टक्क्यांनी वाढते. समोर एकाएकी होडी आली तर नवखा माणूस घाबरून प्रथम काय करतो? हँडलावरचा खटका सोडतो. इंजिन मंदावते, झोत थांबतो, आणि झोत नाही तर वळणेही नाही. हँडल कितीही फिरवले तरी वाहन त्याच दिशेने सरळ जात राहते. काही नव्या वाहनांत झोत उलटा वळवून थांबण्याची सोय असते. जुनी घेताना हे विचारून घ्यावे. शिवाय जोर जितका अधिक, तितका सुरुवातीचा हिसका अधिक. मागे बसलेला माणूस तोल जाऊन पडतो तो थेट पाण्याच्या झोतावर, आणि त्या झोताने शरीराच्या आतल्या भागाला गंभीर इजा होऊ शकते.

सुपरचार्जर निरुपयोगी आहे, असे आमचे म्हणणे नाही. खुल्या समुद्रात, लाटांवर, तयार चालकाच्या हाती किंवा शर्यतीत त्या जोराचा उपयोग आहे. परंतु मसुऱ्याची खाडी अरुंद. तिच्यात वाळूचे उथळ पट्टे, कडेला कांदळवन, होडीतून जाळे टाकणारी माणसे. मागे बसणारा गिऱ्हाईक बहुधा पहिल्यांदाच बसलेला. अशा जागी वेगाची मर्यादा इंजिन ठरवत नाही, खाडी ठरवते.

हे सारे आम्ही मुलांना कागदावर मांडून दाखवले. साधी स्कूटर घ्यावी, वाचलेल्या पैशांतून चांगली जीवरक्षक जाकिटे घ्यावीत, चालक पाण्यात पडताच इंजिन बंद करणारी मनगटाची दोरी न चुकता बांधावी, आणि महाराष्ट्र सागरी मंडळाच्या परवानगीशिवाय गिऱ्हाईक बसवू नये, असे सांगितले. भाचा थोडा हिरमुसला. मग त्याने पेन्सिल उचलली आणि घनमूळ पुन्हा काढून पाहिले.

तेच गणित आपल्या वर्गातही द्यावे. वेग दुप्पट करायचा तर शक्ती किती पट हवी? आठ पट हे उत्तर मुलांनी स्वतः काढले, तर रस्त्यावरची वाहनेही ती निराळ्या नजरेने पाहू लागतील.