लॅटिनच्या लेकी, मराठी मुलखात

खुद्द लॅटिनमध्ये बोलणारे चित्रपट अगदी मोजके. डेरेक जार्मनचा ‘सेबास्टियान’ (१९७६) त्यांतला एक. महोत्सव गाजवतात त्या तिच्या लेकी: इटालियन, फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज, रोमानियन.

आपल्याकडे पहिला मान इटालियनचा. १९५२च्या जानेवारीत मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला. तिथे दाखवलेल्या डी सिकाच्या ‘बायसिकल थीव्ज’ने बिमल रॉय भारावले आणि १९५३ साली ‘दो बिघा जमीन’ आला. एका महोत्सवाने याहून जास्त काय द्यावं?

हाच महोत्सव २००४पासून गोव्यात भरतो. तिथल्या सर्वोच्च पुरस्कारावर, म्हणजे सुवर्णमयूरावर, २०१७ आणि २०१९मध्ये फ्रेंच चित्रपटांनी नाव कोरलं. २०२२मध्ये कोस्टा रिकाच्या व्हॅलेंटिना मोरेल यांचा स्पॅनिश चित्रपट ‘आय हॅव इलेक्ट्रिक ड्रीम्स’ जिंकला. त्याच वर्षी स्पेनच्या कार्लोस साउरांना सत्यजित राय जीवनगौरव मिळाला.

हर्सूलकरांना मात्र पणजी गाठायलाच हवी असं नाही. अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव आपल्याच शहरात, छत्रपती संभाजीनगरात होतो. हर्सूल टी-पॉइंटवरून सिडकोमार्गे प्रोझोन मॉल गाठला की झालं. परभाषिक चित्रपटांची उपशीर्षकं बहुधा इंग्रजीत असतात, तेवढी तयारी ठेवावी.