परदेशातील नोकरी आणि राहणीखर्च

राहणीखर्च म्हणजे एखाद्या ठिकाणी निवारा, अन्न, प्रवास, औषधपाणी, शिक्षण आणि सरकारी शुल्के यांसाठी नियमितपणे करावा लागणारा खर्च. परदेशी नोकरीचा विचार करणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत या संज्ञेचा अर्थ अधिक व्यापक होतो. तिला एका वेळी दोन घरे चालवावी लागतात, एक परदेशात आणि एक गावी. जाण्यासाठी काढलेल्या कर्जाचे व्याजही याच हिशेबात येते. यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यातील ढाणकीसारख्या कापूस-सोयाबीनच्या गावातून निघणाऱ्या माणसाला पगाराचा आकडा सहसा रुपयांत रूपांतर करून सांगितला जातो. त्या आकड्यावरून नोकरीची खरी किंमत कळत नाही. महिनाअखेर किती शिल्लक राहते आणि त्यातले किती गावी पोहोचते, यावर ती ठरते.

विनिमय दर आणि क्रयशक्ती

विनिमय दर म्हणजे एका चलनाच्या बदल्यात दुसरे किती मिळते तो दर. त्या चलनात तेथे किती वस्तू येतात हे त्यावरून समजत नाही. यासाठी अर्थशास्त्रात क्रयशक्ती समता ही संकल्पना वापरतात. जागतिक बँकेच्या अलीकडील अंदाजांनुसार अमेरिकेत एका डॉलरला मिळणाऱ्या वस्तू व सेवा भारतात सरासरी सुमारे २० रुपयांत मिळतात. बाजारात मात्र डॉलरला ८० रुपयांहून अधिक मोजावे लागतात. म्हणून परदेशात मिळवून परदेशातच खर्च केलेला पैसा वाटतो तितका मोठा नसतो. तोच पैसा वाचवून गावी पाठवला तर त्याचे मोल वाढते. परदेशी मजुरीचे सारे आकर्षण या फरकातून निर्माण झाले आहे.

महागड्या शहरांच्या याद्या दरवर्षी वृत्तपत्रांत छापून येतात. मर्सर या सल्लागार संस्थेची यादी त्यांपैकी एक असून तिच्यात न्यूयॉर्क हे तुलनेचे मूळ शहर मानतात. २०२४ साली तीत हाँगकाँग पहिल्या क्रमांकावर होते. या याद्या बहुराष्ट्रीय कंपन्यांनी बदलीवर पाठवलेल्या अधिकाऱ्यांसाठी तयार होतात. गवंडी, वाहनचालक, वेल्डर किंवा परिचारिका यांना त्यांचा फारसा उपयोग नाही, कारण त्यांची खर्चाची टोपली निराळी असते.

आखाती देश

१९७३ नंतर तेलाचे भाव वाढले आणि आखाती देशांत बांधकामांना वेग आला. तेव्हापासून महाराष्ट्रातून, विशेषतः रत्नागिरीसारख्या कोकणातील जिल्ह्यांतून, कामगार तेथे जात आहेत. जेथे शेजारीपाजारी कुणी परत आलेला असतो तेथे नव्याने जाणाऱ्याला खर्चाची माहिती घरबसल्या मिळते. जेथे असा कुणी नाही तेथे एजंटाच्या शब्दावरच भिस्त राहते.

संयुक्त अरब अमिरातीचा दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने, तर सौदी रियाल १९८६ पासून ३.७५ या दराने बांधलेला आहे. त्यामुळे रुपया घसरला की तोच पगार गावी अधिक रुपये आणतो. वेतनावर वैयक्तिक प्राप्तिकर नाही, ही दुसरी जमेची बाजू. तथापि दोन्ही देशांत १ जानेवारी २०१८ पासून ५ टक्के मूल्यवर्धित कर सुरू झाला आणि सौदी अरेबियाने १ जुलै २०२० पासून तो १५ टक्के केला.

सर्वांत मोठा फरक निवाऱ्याने पडतो. समजा, दुबईत मासिक पगार २,००० दिरहम आहे. एका दिरहमला २३ रुपये धरल्यास हे ४६,००० रुपये होतात. राहण्याची जागा आणि कामावर नेणारी बस कंपनीची असेल, आणि जेवण ४५०, फोन १०० व किरकोळ २०० दिरहम असा खर्च धरला, तर १,२५० दिरहम म्हणजे २८,७५० रुपये उरतात. जागा स्वतः पाहावी लागली आणि एका खोलीतील खाटेपुरत्या जागेचे, म्हणजे तेथील बोलीत ‘बेडस्पेस’चे, ६०० दिरहम आणि प्रवासाचे २०० दिरहम गेले, तर शिल्लक ४५० दिरहमवर, म्हणजे १०,३५० रुपयांवर येते. हे आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत. पगार तोच असूनही शिल्लक जवळजवळ एक तृतीयांश होते, हे त्यांतून दिसावे. करारपत्रात ‘निवास कंपनीकडून’ असे लिहिलेले आहे की नाही, हे पगाराच्या आकड्याइतकेच महत्त्वाचे आहे.

कुटुंब सोबत नेण्याचा हिशेब आणखी वेगळा. अमिरातीत कुटुंबाला बोलावण्यासाठी ४,००० दिरहम, किंवा ३,००० दिरहम आणि निवास, एवढे किमान वेतन लागते. दुबईत घरभाडे बहुधा वर्षभराच्या मोजक्या धनादेशांत आगाऊ द्यावे लागते. त्याशिवाय अनामत, दलाली, वीज-पाण्याची ठेव आणि वार्षिक भाड्याच्या ५ टक्के गृहशुल्क असते. हे गृहशुल्क दरमहा वीजबिलातून वसूल होते. परदेशी मुलांना खाजगी शाळेत घालावे लागते आणि तिची फी भाड्यानंतरचा मोठा खर्च ठरू शकते. सौदी अरेबियाने जुलै २०१७ पासून प्रत्येक अवलंबित व्यक्तीमागे दरमहा १०० रियाल शुल्क लावले व ते दरवर्षी वाढवत २०२० मध्ये ४०० रियालांवर नेले. पत्नी आणि दोन मुले असतील तर हे वर्षाला १४,४०० रियाल होतात.

जर्मनी

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. पहिल्या टप्प्यात १०,००० जणांचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. तेव्हापासून ग्रामीण महाराष्ट्रातही युरोच्या पगाराची चर्चा होऊ लागली.

येथे हिशेब आखाताच्या उलट आहे. करारपत्रावर ढोबळ पगार लिहिलेला असतो. त्यातून आजारपण, निवृत्तिवेतन, बेरोजगारी आणि शुश्रूषा या सक्तीच्या विम्यांचे हप्ते व प्राप्तिकर वजा होतो. अविवाहित कामगाराच्या पगारातून सुमारे एक तृतीयांश, कधी त्याहून अधिक रक्कम जाते. घराच्या जाहिरातीत ‘थंड भाडे’ आणि ‘उबदार भाडे’ असे दोन आकडे दिसतात. पहिल्यात केवळ जागेचे भाडे असते. दुसऱ्यात पाणी, कचरा व बहुधा घर तापवण्याचा खर्च धरलेला असतो, वीज मात्र सहसा वेगळी. विदर्भातील उन्हाळ्यात वाढलेल्या माणसाला घर तापवण्यासाठी पैसे मोजण्याची कल्पनाच नवी! अनामत कायद्याने तीन महिन्यांच्या थंड भाड्यापर्यंत असू शकते.

याच्या बदल्यात सरकारी शाळांत फी नसते. सार्वजनिक आरोग्य विम्यात उत्पन्न नसलेली पत्नी आणि मुले वेगळ्या हप्त्याशिवाय सामावतात. एकट्याने जाऊन पैसा पाठवायचा असेल तर आखात आणि कुटुंबासह स्थायिक व्हायचे असेल तर जर्मनी, असा ढोबळ विचार त्यामुळे करता येतो. भाषा शिकण्यात जाणारा कमाईविना काळ मात्र खर्चातच धरावा लागतो.

निघण्यापूर्वीचा खर्च

उत्प्रवास अधिनियम, १९८३ नुसार परदेशी नोकरभरती करणाऱ्या एजंटाला परवाना आवश्यक असतो. त्याने घ्यावयाच्या सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३०,००० रुपये अधिक वस्तू व सेवा कर, म्हणजे ३५,४०० रुपये आहे. दहावी उत्तीर्ण नसलेल्यांच्या पारपत्रावर सामान्यतः उत्प्रवास तपासणी आवश्यक असल्याची नोंद असते. अशा व्यक्तीला आखाती देशांसह १८ देशांत नोकरीसाठी जाताना परवानगी घ्यावी लागते. तिच्यासाठी असलेल्या प्रवासी भारतीय विमा योजनेत दोन वर्षांना २७५ रुपये हप्ता असून संरक्षण १० लाख रुपयांचे आहे. पर्यटक व्हिसावर पाठवणारा एजंट ही सारी व्यवस्था टाळतो. अशा माणसाला पगार बुडाल्यास दाद मागणेही अवघड जाते.

प्रत्यक्षात मागितली जाणारी रक्कम मर्यादेपेक्षा पुष्कळ अधिक असू शकते आणि ती अनेकदा सावकाराकडून उचलली जाते. शेकडा ३ रुपये मासिक दराने काढलेल्या १,२०,००० रुपयांवर दरमहा ३,६०० रुपये केवळ व्याज होते. वरील उदाहरणातील १०,३५० रुपयांच्या शिलकीतून ते वजा केल्यास ६,७५० रुपये उरतात आणि मुद्दल तशीच राहते.

गावाकडील खर्च

हा भाग खर्चाच्या तक्त्यांत आढळत नाही. घरातील कर्ता माणूस गेल्यावर शेत बटईने किंवा मक्त्याने द्यावे लागते, नाहीतर सालगडी ठेवावा लागतो. सालगड्याचा करार पाडव्यापासून पाडव्यापर्यंत असतो, तर परदेशी पगार पहिल्या दोन-तीन महिन्यांत हाती येईलच असे नाही. जूनच्या पेरणीला बियाणे आणि खत यांसाठी पैसा लागतोच. म्हणून जाणाऱ्याने किमान एका हंगामाची तरतूद मागे ठेवली नाही, तर पहिल्याच वर्षी दुसरे कर्ज उभे राहते. स्वतः राबून वाचणारी मजुरी हे त्या माणसाचे गावातील उत्पन्नच होते. परदेशी पगारातून ते वजा केल्याशिवाय तुलना पूर्ण होत नाही.

कर आणि परतीची रक्कम

नोकरीसाठी देश सोडलेला भारतीय नागरिक आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी काळ भारतात राहिल्यास सामान्यतः अनिवासी ठरतो. परदेशात केलेल्या कामाच्या, तेथेच मिळालेल्या वेतनावर त्याला भारतात प्राप्तिकर लागत नाही. अनिवासी बाह्य खात्यावरील व्याजही करमुक्त असते. गावातील साधे बचत खाते मात्र अनिवासी सामान्य खात्यात बदलून घ्यावे लागते.

अमिरातीत किमान एक वर्ष सेवा केलेल्या कामगाराला नोकरी संपताना उपदान मिळते. पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचे आणि त्यानंतर ३० दिवसांचे वेतन असा त्याचा हिशेब आहे. तो एकूण पगारावर नसून मूळ वेतनावर होतो. २,००० दिरहम पगारात मूळ वेतन १,२०० असेल, तर दोन वर्षांचे उपदान १,६८० दिरहम होते.