मंगळावरचं पाणी : रात्री मातीत, दिवसा हवेत

“मंगळावर पाणी सापडलं” ही बातमी दर दोन-चार वर्षांनी मोबाइलवर फिरते आणि मुलं विचारतात, मग तिथे नदी आहे का? नदी नाही. पाणी मात्र आहे, आणि ते जमीन नि हवा यांच्यात सतत ये-जा करतं. फक्त वाहत नाही.

मंगळाची हवा फार विरळ. तिचा दाब आपल्या हवेच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. इतक्या कमी दाबात शुद्ध पाणी द्रव म्हणून टिकत नाही, बर्फाची सरळ वाफ होते. कपाटातली डांबरगोळी न वितळताच झिजते ना, तसं. शाळेत आपण यालाच संप्लवन म्हणतो. २००८ साली नासाचं फिनिक्स यान मंगळाच्या उत्तर भागात उतरलं. त्याच्या यांत्रिक हाताने माती उकरली तर चरात पांढरे खडे दिसले. चार दिवसांत ते गायब! मीठ असतं तर जागच्या जागी राहिलं असतं. म्हणजे तो बर्फच होता.

ही झाली जमिनीतून हवेत जाण्याची वाट. परतीची वाट रात्री उघडते. थंडी कडाक्याची पडते, मातीचे बारीक कण हवेतली वाफ धरून ठेवतात, काही ठिकाणी पातळ हिमही जमतं. ऊन चढलं की पुन्हा वाफ. २०१२ पासून गेल विवरात फिरणाऱ्या क्युरिऑसिटी गाडीला हवेतली सापेक्ष आर्द्रता पहाटे सगळ्यात जास्त आणि दुपारी जवळपास शून्य आढळते. पण आर्द्रता हा शब्द ऐकून कोकण आठवू नका! तिथल्या हवेतली सगळी वाफ गोठवून जमिनीवर पसरली, तर थर साधारण केसाच्या जाडीपेक्षाही पातळ होईल.

फिनिक्सला मातीत परक्लोरेट नावाचे क्षारही सापडले. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, तसे हे क्षार वाफ ओढून ओले होऊ शकतात. म्हणूनच २०१५ मध्ये उतारांवरचे काळपट पट्टे खारट पाण्याचे असल्याची बातमी गाजली. २०१७ च्या अभ्यासात ते कोरड्या वाळूच्या घसरणीसारखे दिसले. ही दुसरी बातमी फारशी कुणी फॉरवर्ड केली नाही.

उन्हाळ्यात उत्तर ध्रुवावरचा बर्फही हवेत जातो. त्यातली थोडी वाफ खूप उंच पोचते, सूर्यप्रकाशाने तिचे रेणू फुटतात आणि हलका हायड्रोजन अवकाशात निसटतो. तेवढं पाणी जमिनीवर परत येत नाही.